बिनआवाजी सायकल

मावशीची सायकल तारमिस्त्रीच्या दुकानासमोर पडली ती एकदम चार ठिकाणी पडली. मडगार्ड गटारात, चेन रस्त्यात, कॅरिअर दुधाच्या कॅनसकट शिंप्याच्या पायरीवर आणि उरलेला सांगाडा मावशीच्या अंगावर. मावशी स्वतः मात्र पडली नाही. इतकी वर्षं ती सायकल चालवून काय होणार ते तिच्या पायांना आधीच कळायचं. तिनं सांगाडा बाजूला सारला, आधी कॅनचं झाकण बघितलं, मग आपलं कोपर बघितलं आणि मग मिस्त्रीकडं बघितलं.

"बांध," ती म्हणाली.

मिस्त्री पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"ऐकू येत नाही का रे? तार घे आणि बांध. अर्धं गाव राहिलंय अजून माझं."

"बांधणार नाही."

शेजारच्या दुकानात शिंप्याचं मशीन थांबलं. शिंप्याचं मशीन थांबलं की समजायचं, रस्त्यावर काहीतरी ऐकण्यासारखं चाललंय.

"बांधणार नाही म्हणजे?"

"म्हणजे बांधणार नाही. किती बांधायचं, मावशी? यात सायकल किती आणि तार किती, सांग बघू. उद्या सगळ्या तारा सोडवल्या तर तुझ्या हातात नुसतं हँडल उरेल, तेही दुसऱ्याच्या सायकलीचं."

"मग तू कशाला बसलायस इथं? गाव तुला तारमिस्त्री म्हणतं ते उगाच?"

झालं. नेमकं त्याच जखमेवर बोट. तसं हे नाव काही नवीन नव्हतं. गावात एक सायकल अशी नव्हती की जिच्यात मिस्त्रीची तार नाही. दोन पिळे आणि वर एक आकडा, ही त्याच्या हाताची खूण. गावात नवीन भाग मागवायची ऐपत कुणाची नव्हती आणि तेवढा धीरही कुणाला नव्हता, त्यामुळे जो येई तो म्हणे, "सध्या तार मार." ते सध्या वीस-वीस वर्षं चाललं होतं. सायकलीच काय, बादल्यांच्या कड्या, चष्म्याच्या काड्या, फाटकांच्या बिजागऱ्या, सगळीकडं तेच दोन पिळे आणि आकडा. पण आदल्याच दिवशी मिस्त्रीचा मेव्हणा पहिल्यांदा गावात आला होता. त्यानं स्टँडवर विचारलं, मिस्त्रीचं घर कुठं? लोक म्हणाले, मिस्त्री? इथं कुणी मिस्त्री नाही. मेव्हणा परत फिरायला निघाला तेव्हा कुणीतरी मागून ओरडलं, अहो, तारमिस्त्री म्हणायचंय का तुम्हाला? मग काय, पाच जण सोबत घरापर्यंत आले. मेव्हणा जेवताना घासाघासाला हसत होता, आणि बायकोनंही माहेरच्या माणसाला साथ दिली.

तर मिस्त्री उठला. ओले हात पुसले. सांगाड्यापाशी गुडघे टेकून बसला आणि फ्रेमवरून अंगठा फिरवला. गंजाखाली, चिखलाखाली, कुण्या काळच्या हिरव्या रंगाखाली काळा रंग होता. नखानं खरवडल्यावर बारीकशी सोनेरी रेघ दिसली.

"ही तुझ्या सासऱ्यांनी आणली तेव्हा मी केवढा होतो माहितीय?" तो म्हणाला. "चड्डी सांभाळत पळायचो हिच्या मागं."

खरंच पळायचा. गावातली पहिली सायकल ती. काळी कुळकुळीत, फ्रेमला आणि मडगार्डच्या काठाला सोनेरी रेघ, चेनवर अख्खं कव्हर. तेव्हाच्या बैलगाड्या कुरकुरायच्या, विहिरीची चाकं किरकिरायची, दारं करकरायची. गावात जे जे हलायचं ते ते ओरडायचं. आणि ही सायकल जवळून गेली तरी नुसता टायरखालच्या मातीचा सुस्कारा. आवाज ऐकू यावा म्हणून तो पोरगा कान देऊन मागं धावायचा आणि आवाजच यायचा नाही. त्या न आलेल्या आवाजापायी तो मिस्त्री झाला होता, आणि पुढं सगळा जन्म खडखडाट बांधण्यात गेला होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही.

"मावशी," तो म्हणाला, "ही मला दे. कारखान्यातून निघाली होती तशी करून देतो. खिळ्याचाही फरक नाही. आवाज तर अजिबात नाही."

शिंपी पायरीवर येऊन उभा राहिला होता. त्याच्या तोंडात दोरा होता तरी तो हसला.

"तू? बिनतारेची?"

"बिनतारेची."

"लाव पैज."

"लाव. पण त्याआधी उठून दे."

"काय उठून दे?"

"सीट. तुझ्या बुडाखालची. ती ह्याच सायकलीची आहे."

शिंप्याचं हसू तिथंच थांबलं. त्याच्या मशीनपुढं जे स्टूल होतं त्याला मिस्त्रीनंच फार वर्षांपूर्वी एक जुनी चामड्याची सीट बसवून दिली होती. खाली दोन स्प्रिंगा. गावातल्या कुठल्याही गादीला तिची सर नव्हती. तिच्यावर बसून शिंप्यानं निम्म्या गावाचे कपडे शिवले होते, आणि ती सीट आता शिंप्याच्या मापाची झाली होती.

बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं ते असं: सायकल बिनआवाजी झाली तर शिंप्यानं भर रस्त्यात उभं राहून 'मिस्त्रीसाहेब' म्हणून हाक मारायची. आणि कधीही, केव्हाही ती सायकल वाजली, तर सीट परत शिंप्याकडं, आणि मिस्त्रीनं जन्मभर तारमिस्त्री या नावाला निमूट ओ द्यायची.

"आणि माझं दूध?" मावशी ओरडली. "तुमच्या पैजेत माझ्या रतिबाचं काय? सकाळी सायकल मला लागते."

"सकाळी ने, दुपारी आण. थोडी थोडी करतो."

"आणि आत्ता?"

मिस्त्रीनं इकडंतिकडं बघितलं आणि मुकाट्यानं तार काढली.

*

मावशीचा दिवसच मुळी त्या सायकलीवर चालायचा. घर गावात, गोठा शेताकडं. झुंजूमुंजू व्हायच्या आत ती रिकामे कॅन लावून निघायची. शेताची वाट दगडगोट्यांची, त्यामुळे सायकलीतलं जे जे सैल ते ते तिथं एकदम बोलू लागायचं, आणि तो गजर अर्ध्या शिवारात जायचा. सायकलची घंटी सोडून बाकी सगळं वाजतं, हा विनोद गावात इतका जुना झाला होता की आता कुणी त्याला हसतही नसे. गोठ्यात दोन म्हशी. थोरली म्हणजे एक नंबरची मानी. धाकटीला स्वतःचं असं मत नव्हतं. थोरली करील ते ती करायची. धारा काढून मावशी भरलेल्या कॅनांसह गावात परतायची, आणि खडखड ऐकली की बायका पातेली घेऊन दारात यायच्या.

दुपारी सायकल मिस्त्रीकडं येऊ लागली. कारखाना कधीच बंद पडलेला, त्यामुळे नवे भाग मिळायचा प्रश्नच नव्हता. पण मिस्त्रीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. सायकलचे जुने भाग गावाबाहेर गेलेच नव्हते. जावेत कसे? त्यानंच ते एकेक करून काढले होते आणि ज्याला जे हवं त्याला ते दिलं होतं. आता तो ते मागत दारोदार फिरला.

चेनकव्हर न्हाव्याच्या छपराला पन्हळ म्हणून लावलेलं होतं.

"हे नेलंस तर पाणी कुठून जाणार माझं?" न्हावी म्हणाला.

"पत्र्याची पन्हळ करून देतो."

"तारेनं बांधून?"

"...तारेनं बांधून."

कॅरिअर वाण्याच्या दुकानात साबणाच्या वड्या पेलत होतं. पुढचं मडगार्ड एका घरी कोंबड्यांना पाणी पाजत होतं, मागचं दुसऱ्या घरी मुलांची घसरगुंडी झालं होतं, त्यामुळे ते आतून घासून लख्ख राहिलं होतं. खरी घंटी शाळेच्या शिपायाकडं सापडली. तो ती उगाच खिशात बाळगायचा. प्रत्येक घरी मिस्त्रीला एकेक वस्तू काढून घेताना दुसरी बांधून द्यावी लागली. एक सायकल बिनतारेची करण्यापायी त्यानं गावात इतकी तार लावली की दुकानातलं भेंडोळं संपत आलं. बायको म्हणाली, "असंच चाललं तर पुढं घराचं दारही तुम्ही सायकलला लावाल." पण रात्रीच्या भाकरतुकड्याच्या वेळी ती हळूच विचारायची, "आज काय सापडलं?" आणि तो सांगायचा.

हाताला मात्र त्याच्या वेगळंच वळण आलं होतं. छर्रे रॉकेलमध्ये धुतले, एकेक उजेडात धरून बघितला. रिम सरळ करताना चाक फिरवायचा आणि श्वास धरायचा. खरवडून खरवडून हिरवा रंग गेला, निळा गेला, खाली काळा आला. त्यावर नवा काळा चढला. सोनेरी रेघ ओढायला त्यानं शिंप्याकडून खडू मागितला आणि शिंप्यानं तो दिला, कारण काहीही झालं तरी रेघ सरळ यावी असं शिंप्यालाही वाटलं.

सायकल सुधारत गेली. सोमवारी चेनची कुरकुर गेली, मग पायडलची टकटक गेली, मग कॅरिअरचा थयथयाट गेला. आणि मावशी हळूहळू कुरकुरू लागली, की दूध जरा कमी पडतंय. कधी म्हणाली हवा बदलली, कधी म्हणाली चारा वाळलाय. रंग वाळेपर्यंत दोन दिवस ती पायी गेली तेव्हा थोरलीनं बादलीच उडवली. तो दोष तिनं मिस्त्रीच्या रंगाला दिला. माझ्या हाताला वास येतो म्हणाली, आणि चार वेळा हात धुतले.

सगळ्यात शेवटी मागचं मडगार्ड राहिलं होतं. त्या जागी इतकी वर्षं तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून मिस्त्रीनंच तारेनं लटकवलेला होता. खडखडाटातला मोठा भाऊ तोच. मिस्त्रीनं पक्कड घेऊन तार तोडली, पत्रा लांब भिरकावला आणि खरं मडगार्ड बसवलं. मग शिंप्याकडं जाऊन हात पुढं केला. शिंप्यानं सीट काढून दिली. देताना तिच्यावरची धूळ बाहीनं पुसली.

*

सायकल रस्त्यावर आली त्या संध्याकाळी सगळं गाव चौकात होतं. मावशी बसली. पायडल मारलं. न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली, वळली, परत आली. तोवर कुणी बोललं नाही, कारण सगळे ऐकत होते, आणि ऐकायला काही नव्हतं. मातीचा तेवढा सुस्कारा. मिस्त्रीनं तोंड फिरवलं आणि उगाच डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं केलं.

शिंपी दिलेल्या शब्दाचा पक्का. रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, घसा खाकरला आणि ओरडला, "मिस्त्रीसाहेब!"

"काय आहे?" मिस्त्री म्हणाला. इतक्या वर्षांचं मनात घोळवलेलं उत्तर ऐन वेळी एवढंच निघालं.

रात्री त्याला बायकोनं 'मिस्त्रीसाहेब, पाणी हवंय का' असंही विचारलं. थट्टाच, पण त्याला ती गोड लागली. समाधानानं झोपला.

आणि उठला तेव्हा ऊन छातीवर आलं होतं.

"अगं, उठवलं का नाहीस?" तो धडपडत म्हणाला.

"मीच आत्ता उठले!"

बाहेर सगळीकडं तीच गत. शिपाई शर्टाची बटणं लावत शाळेकडं पळत होता. न्हाव्याच्या दारात गिऱ्हाईक दाढी खाजवत उभं होतं आणि न्हावी आत घोरत होता. कुणाच्या घरी दूध नव्हतं. मावशी दारावरून गेली होती, पण गेलेली कुणाला कळलीच नव्हती. आता ती एकेका दारापुढं थांबून कडी वाजवत होती आणि प्रत्येक घरी तेच ऐकून घेत होती, की आज काय उशीर? आणि एवढंसंच का?

"सवय होईल लोकांना," मिस्त्री म्हणाला.

लोकांना सवय झाली ती भलतीच. दोन दिवसांनी शिंपी नव्या, बिनस्प्रिंगेच्या स्टुलावर अवघडून बसला होता आणि दुधाचा चहा न मिळाल्यानं चिडला होता. मिस्त्रीला म्हणाला, "मी सांगतो तुला. मावशीच्या कॅनला दोन बाजूंनी दूध येतं. एका बाजूनं म्हशीचं, दुसऱ्या बाजूनं विहिरीचं. आता म्हैस आटली, विहीर तेवढी राहिली."

मिस्त्री शिंप्याच्या खांद्यावरून पलीकडं बघत होता.

"आणखी काय म्हणतोस?" मागून मावशीनं विचारलं.

शिंप्याच्या हातातून सुई पडली ती पुन्हा सापडलीच नाही. मावशी रागावली नाही, हेच भयंकर होतं. ती विचारात पडल्यासारखी उभी राहिली आणि मग सायकलवर बसून गेली, कसलाही आवाज न करता. त्या दिवसापासून ती दुपारीही फेऱ्या मारू लागली. काही काम नसताना. कुंपणाकडंनं, परसाकडंनं, पाणवठ्याच्या वाटेनं. कोण तिला काय म्हणतं, कोणाची सून सासूला काय म्हणते, वाण्याच्या मापाबद्दल कोण काय बोलतं, चार दिवसांत तिला सगळं ठाऊक झालं. पूर्वी खडखड ऐकली की लोक विषय बदलायचे. आता विषय बदलायलाच वेळ मिळेना. गाव कुजबुजत बोलू लागलं, आणि बोलण्याआधी मागं वळून बघू लागलं.

न्हावी मिस्त्रीकडं आला. "बाबा रे, काहीतरी कर. जीव मुठीत धरून बोलावं लागतंय. एखादा नट ढिला कर."

"एक नट ढिला करणार नाही," मिस्त्री म्हणाला. "कारखान्यातून निघाली तशी आहे. तशीच राहील."

वाणी येऊन गेला, शिपाई येऊन गेला. मिस्त्रीनं सगळ्यांना तेच सांगितलं. नाव नुकतंच स्वच्छ झालं होतं. आठ दिवस गाव त्याला मिस्त्री म्हणत होतं, आणि हाक ऐकली की त्याची मान आपोआप ताठ व्हायची. ते सोडायची त्याची तयारी नव्हती.

*

मग मावशी आली. सायकल तिनं हातानं धरून आणली होती. दुकानापुढं उभी केली, नव्या स्टँडवर, आणि पायरीवर बसली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"थोरलीनं पान्हा चोरलाय," ती म्हणाली. "पूर्ण. काल पेलाभर दिलं, आज तेवढंही नाही. तिचं बघून धाकटीनंही बंद केलं. जनावरांचा डॉक्टर बघून गेला. म्हणतो, ठणठणीत आहेत दोघी. वैरण बदलली, पेंड वाढवली, ह्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवत अख्खी सकाळ घालवली. मी गेले की दचकून उभी राहते आणि असं बघते माझ्याकडं, जसा चोर आलाय. अशीच राहिली तर आटेल रे. आटली तर रतीब गेला, आणि एकदा दुसरीकडं दूध लागलं की लोक परत येतात का?"

मिस्त्री उठून सायकलच्या चाकावरची नसलेली धूळ पुसू लागला.

त्याची बायको आतून चहा घेऊन आली होती. कोरा. ती मावशीपुढं कप ठेवत म्हणाली, "दचकते म्हणालात?"

"हो. आधी मी बांधावर असतानाच उभी राहायची. मी पोचेपर्यंत तिची कास भरलेली. आता मी पुढ्यात येईपर्यंत तिला पत्ताच नसतो."

बायको मिस्त्रीकडं वळली. "तुम्ही त्या दिवशी का नाही उठलात हो?"

"झोप लागली म्हणून."

"इतकी वर्षं झोप लागत नव्हती? खडखड नाही ऐकली म्हणून नाही उठलात. मी नाही उठले, शिपाई नाही उठला. माणसं नाही उठली तर म्हैस कशी उठेल?"

शिंप्याचं मशीन केव्हाच थांबलं होतं. मावशीनं सायकलकडं बघितलं, मिस्त्रीनंही बघितलं. काळी, लख्ख, सोनेरी रेघेची सायकल उन्हात उभी होती, आणि तिच्यासारखी देखणी वस्तू गावात दुसरी नव्हती.

"माझी सायकल घेऊन जा," मिस्त्री घाईनं म्हणाला. "ती वाजते भरपूर."

दुसऱ्या दिवशी मावशीनं ती नेली. ती वाजली, पण तिची खडखड वेगळी. थोरलीनं कान टवकारले, जरा ऐकलं आणि परक्या माणसाला पाठ दाखवावी तशी पाठ केली. शिंप्याची सायकल नेली, तिच्याकडं तर बघितलंही नाही. मावशीनं आपल्या नव्या केलेल्या सायकलची घंटी वाजवून बघितली. ती घंटी इतकी गोड होती की धाकटी खुशीत आली, पण थोरलीनं तिला शिंग दाखवलं.

तेव्हा मिस्त्रीनं ठरवलं. ठरवताना त्याला फार वाईट वाटलं, आणि ते त्यानं बायकोला बोलून दाखवलं. "आठच दिवस मिळाले गं मला," तो म्हणाला. तिनं या वेळी थट्टा केली नाही.

पहाटे गोठ्यावर मावशी, तिचा नवरा, मिस्त्री आणि शिंपी असे चौघं जमले. शिंपी पैजेचा साक्षीदार म्हणून आला होता, तसं तो म्हणाला तरी. खरं म्हणजे त्याला चहा हवा होता. मिस्त्रीनं तो तेलाच्या डब्याचा पत्रा आणला होता. फेकल्यावर तो मावशीच्या खुराड्याचं दार झाला होता, तिथून सोडवून.

पण मिस्त्रीचा जीव अजून नावात अडकलेला होता. त्यानं पत्र्याला नीट भोकं पाडली, नवे नटबोल्ट काढले आणि पत्रा मडगार्डच्या कडेला बसवला. "सायकल वाजत नाही," तो शिंप्याला म्हणाला, "आवाज वेगळा बसवलाय. तारेशिवाय. पैज मोडत नाही." शिंप्यानं मान हलवली, बघू म्हणाला.

मावशी बांधापर्यंत गेली आणि दगडांच्या वाटेनं परत आली. पत्रा वाजला, पण ठक ठक ठक, सुतार खिळा ठोकतो तसा. थोरलीनं डोळेही उघडले नाहीत.

बोल्ट ढिले केले. वाजला, पण जास्त. दोन्ही म्हशी बुजल्या आणि मावशीचा नवरा बादली घेऊन बाजूला पळाला. मध्ये रबर घातलं, तर धप धप. एक बोल्ट काढला, तर पत्रा नुसताच लोंबला आणि चाकाला घासून ओरडला. नवा काळा रंग ओरखडला. उजाडायला लागलं. मावशी प्रत्येक वेळी बांधापर्यंत जायची, प्रत्येक वेळी आशेनं यायची, आणि थोरली रवंथ करायची.

शेवटी मावशीचा नवरा बोलला. हा माणूस सहसा बोलायचा नाही. मावशी त्याच्या वाटचंही बोलायची. तो म्हणाला, "तिला तुझी तार कळते रे."

मिस्त्री पत्र्यापाशी बसला. सगळे बोल्ट काढले, खिशात टाकले. दुसऱ्या खिशात हात घातला. तार तिथं होतीच. ती त्याच्या खिशात नाही असा दिवस नव्हता, त्या आठ दिवसांतही नव्हता. त्यानं शिंप्याकडं बघितलं नाही. भोकातून तार ओवली, दोन पिळे दिले आणि वर एक आकडा. पक्कड लागली नाही, बोटांनीच. मग पत्रा हलवून बघितला. किती सैल ठेवायचं हे तो कधी कुणाकडून शिकला नव्हता, हातालाच माहीत होतं.

मावशी बांधापर्यंत गेली. वळली. पहिल्या दगडावर चाक आलं, आणि तोच जुना आवाज शिवारभर निघाला, खडखड आणि मध्ये एक किणकिण, पुन्हा खडखड.

थोरलीचं रवंथ थांबलं. कान फिरले. ती उभी राहिली, सावकाश, पाय रोवून, मावशी अजून पार लांब असताना. मावशी उतरून खाली बसली तेव्हा कास तटतटलेली होती. बादलीत पहिली धार पडली तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला. धाकटी पलीकडं हंबरली, की मीही तयार आहे.

मावशी धार काढता काढता रडत होती आणि म्हशीला शिव्या देत होती.

"तारमिस्त्री!" शिंपी म्हणाला. जोरात नाही, पण म्हणाला. पैज ती पैज.

"ओ," मिस्त्री म्हणाला.

"आणि सीट?"

मावशीनं मान वर न करता विचारलं, "दूध हवंय की सीट?"

शिंप्यानं बादलीकडं बघितलं.

"की विहिरीचं देऊ?"

शिंप्यानं सीटचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मिस्त्रीनं मात्र आठवड्याभरात त्याच्या स्टुलाला गोणपाटाची जाड गादी करून दिली. तारेनं बांधून.

सायकल आता दोन तऱ्हेची आहे. पहाटे पत्रा लावून ती गावाला उठवत जाते. दूध वाटून झालं की मावशी आकडा उलटा फिरवते, पत्रा काढून घरी ठेवते आणि दुपारी चक्कर मारायला निघते, बिनआवाजी. गाव त्यामुळे दुपारी फार जपून बोलतं, आणि वाण्याचं माप सुधारलंय असं म्हणतात. स्टँडवर उतरून कुणी मिस्त्रीचं दुकान विचारलं, तर लोक अजूनही म्हणतात, इथं कुणी मिस्त्री नाही.

परवा पहाटे मिस्त्री पांघरुणात जागाच होता. लांबून खडखड आली. बायको कूस बदलून म्हणाली, "आली मावशी." तो कान देऊन ऐकत राहिला. खडखड, किणकिण, खडखड. आणि त्यात एक बारीक करकर, जी कालपर्यंत नव्हती.

"डावीकडची तार झिजली," तो म्हणाला, आणि मावशी दारापर्यंत यायच्या आत तारेचं भेंडोळं घेऊन रस्त्यावर जाऊन उभा राहिला.